नक्कल कुणाची, नाव कुणाचं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सिनेमाची चोरी आणि सिनेमाच्या पोस्टरची चोरी, असा आजचा विषय आहे. तुम्ही म्हणाल, हा मुंबईचा विषय. निर्माते मुंबईचे, नुकसान त्यांचं, वकीलही त्यांचेच. अक्कलकोटच्या माणसाला यातलं काय कळणार? पण मला वाटतं, या विषयावर बोलायला अक्कलकोटसारखं गाव शोधून सापडणार नाही. कारण आमचं गाव नकलेवर जगतं. हे मी चेष्टेनं म्हणत नाही.

वटवृक्ष मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर तुम्ही कधी आला असाल, तर दोन्ही बाजूंची दुकानं आठवा. स्वामींच्या तसबिरी, किचेन, लॉकेट, गाडीत लावायचे स्टिकर, कॅलेंडर. एकाच प्रतिमेच्या हजारो प्रती. येणारा भक्त एक तरी घेऊन जातोच. यात चोरी आहे का? स्वामींनी १८७८ साली समाधी घेतली. त्यांच्या हयातीतली म्हणून जी जुनी छायाचित्रं मानली जातात, त्यांच्यावर आज कुणाचाही मालकी हक्क उरलेला नाही. ती सगळ्यांची. पण त्याच दुकानात शेजारच्या खिळ्याला एखाद्या आजच्या चित्रकारानं रंगवलेले स्वामी टांगलेले असतात. ते चित्र मात्र त्या चित्रकाराचं, किंवा त्याच्याकडून ज्यानं हक्क घेतले त्याचं. २०१५ साली 'देऊळ बंद' आला, त्यात मोहन जोशींनी स्वामींची भूमिका केली. त्या सिनेमाचं पोस्टर आणखी तिसऱ्याचं. तीन तसबिरी, स्वामी एकच, पण कायद्याच्या नजरेत तीन निरनिराळ्या वस्तू. गिऱ्हाइकाला हा फरक दिसत नाही, आणि दिसावा अशी त्याची अडचणही नसते.

मी स्वतः पेंटर. दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, निवडणुकीच्या भिंती आणि टॉकीजचे बोर्ड, असं सगळं रंगवून पोट भरलं. टॉकीजच्या बोर्डाचं काम कसं चालायचं, ते थोडं सांगतो. मुंबईहून पिक्चरच्या पेटीबरोबर छापील पोस्टरं आणि फोटोसेट यायचा. त्यातलं एक पोस्टर आमच्या हातात पडायचं. त्याच्यावर पेन्सिलीनं चौकडी टाकायची. लाकडी फ्रेमवर ताणलेल्या कापडाला खळ आणि सफेदा मारून ठेवलेला असायचा, त्यावर तीच चौकडी मोठी करून आखायची. एका चौकोनात नाक, दुसऱ्यात डोळा. दीड फुटाचा चेहरा सात फुटांचा व्हायचा. गुरुवारी रात्री रंग ओला असतानाच बोर्ड चढवायचा, कारण शुक्रवारी पिक्चर लागायचा. छापील पोस्टरं दुधनी, मैंदर्गी, वागदरी, चपळगाव अशी बाजाराच्या गावांना जायची. ती डकवायला मैद्याची खळ लागायची आणि त्यात चिमूटभर मोरचूद घालायचं. नाही तर पिक्चर लागण्याआधीच गावातली जनावरं हीरोला खाऊन टाकायची.

म्हणजे नक्कल करणं हा माझा धंदाच होता. पण ती नक्कल टॉकीजनं सांगितलेली होती आणि टॉकीजला ते पोस्टर वितरकानं त्याच कामासाठी दिलेलं होतं. शिवाय ती नक्कल माणसाला कुठं न्यायची? तिकिटाच्या खिडकीकडे. चोरीची प्रत माणसाला त्या खिडकीपासून लांब नेते. ही साधी खूण मी माझ्यापुरती धरली आहे. नक्कल मूळ वस्तूकडे नेते का तिच्यापासून तोडते, एवढं बघायचं.

आता सिनेमाच्या चोरीकडे येऊ.

ही चोरी आमच्याकडे आली ती व्हिडिओ कॅसेटच्या रूपानं, ऐंशीच्या दशकात. लग्नाच्या घरी, गणपतीत, एखाद्या पत्र्याच्या खोलीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचा आणि रात्रभरात तीन पिक्चर बघायचे. पुढं व्हीसीडी आली, मग एका डीव्हीडीत पाच-सहा पिक्चर बसायला लागले. त्यानंतर मोबाइलच्या दुकानांवर पाट्या लागल्या की मेमरी कार्ड भरून मिळेल. आता तर दुकानाचीही गरज नाही, कुणीतरी ग्रुपवर लिंक टाकतो. प्रत्येक वेळी वस्तू लहान होत गेली आणि चोरी सोपी होत गेली.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. तालुक्याच्या गावात ही चोरी रुजली, त्याचं कारण लोक मुळात चोर होते असं नाही. पिक्चर आमच्यापर्यंत पोहोचायलाच वेळ लागायचा. त्या काळी प्रती मोजक्या निघत. वितरणाचे इलाखेही ठरलेले. गंमत बघा, अक्कलकोट संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात आलं. शेजारचं गुलबर्गा निजामाच्या राज्यातलं. ती राज्यं गेली, पण सिनेमाच्या धंद्यानं हद्दी तशाच ठेवल्या. सोलापूर मुंबई सर्किटमध्ये आणि गुलबर्गा, मराठवाडा निजाम सर्किटमध्ये. म्हणजे पलीकडच्या गावात लागलेल्या पिक्चरची पेटी आमच्याकडे सरळ येणार नाही, आमची मुंबईकडून फिरत यायची. आधी मुंबई-पुणं, मग सोलापूर, मग आम्ही. तोवर रिळं झिजलेली, पडद्यावर पाऊस पडल्यासारख्या रेघा आणि दोन-चार गाणी मधूनच तुटलेली. इतका उशीर झाल्यावर कॅसेटवाला आधी पोहोचणारच. हे कारण मी सांगतो आहे, समर्थन करत नाही. भूक लागली म्हणून शेजाऱ्याची भाकरी आपली होत नाही.

आणि आता तर ते कारणही उरलेलं नाही. गेल्या वीस वर्षांत उपग्रहावरून आणि हार्ड डिस्कवरून सिनेमा पोहोचू लागला. मुंबईत आणि तालुक्यात तो एकाच शुक्रवारी लागू शकतो. थोडे महिने थांबलं तर तोच सिनेमा रीतसर मोबाइलवर येतो. तरीही चोरीची प्रत फिरतेच, कारण मधल्या काळात आपल्याला फुकटाची सवय लागली.

कुणी म्हणेल, यानं कुणाचं काय बिघडलं? 'सैराट'चं उदाहरण हमखास दिलं जातं. हा आपल्या जिल्ह्यातला सिनेमा. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातले, चित्रीकरण पुष्कळसं तिथलंच. २०१६ च्या एप्रिलअखेर तो लागला, त्याच्या चोरट्या प्रती मोबाइलवर फिरल्या, आणि तरीही तो चालला. मराठीत शंभर कोटींचं नाव निघालं ते त्याच्यामुळं. मग म्हणे चोरीनं काय फरक पडतो? अहो, ज्या झाडाला हजार आंबे लागतात त्याचे शंभर चोरीला गेले तर ते दिसत नाहीत. ज्या झाडाला वीसच लागले, त्याचं काय? मराठी सिनेमा बहुतेक वेळा वीस आंब्यांचंच झाड असतं. पहिला आठवडा धरला तर दुसरा मिळतो. पहिल्या रविवारी खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर सोमवारी शो कमी होतात. त्याच रविवारी दोनशे घरांत चोरीची प्रत बघितली गेली, तर त्या सिनेमाला दुसरी संधी मिळत नाही.

त्याच २०१६ च्या जूनमध्ये 'उडता पंजाब' प्रदर्शनाच्या दोन दिवस आधीच इंटरनेटवर आला, आणि त्या प्रतीवर ती सेन्सॉरसाठी असल्याची खूण होती, हे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलं असेल. म्हणजे चोर नेहमी थिएटरात कॅमेरा लपवून बसलेलाच असतो असंही नाही.

गावाकडची टॉकीजं बंद पडली त्याला एकटी चोरी कारणीभूत नाही. घरोघरी टीव्ही आला, करमणूक कराचं ओझं होतं, शहरांत मल्टिप्लेक्स आली, जागेला भाव आला. पण बुडत्या होडीला आणखी एक भोक पडलं, हे खरं. आणि टॉकीज बंद झालं म्हणजे मालक एकटा बसला नाही. ऑपरेटर, डोअरकीपर, बाहेरचा भजीवाला, सायकल स्टँडवाला, रिक्षातून भोंगा फिरवणारा आणि माझ्यासारखा पेंटर, सगळे बसले.

आता कायदा काय म्हणतो, ते थोडक्यात.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. व्हिडिओ कॅसेटचा सुळसुळाट झाला तेव्हा १९८४ साली तो कडक केला. परवानगीशिवाय प्रत काढून विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. महाराष्ट्रानं २००९ मध्ये झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांच्यासाठी असलेल्या स्थानबद्धतेच्या कायद्यात व्हिडिओ पायरेट हाही प्रकार घातला. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली. आता थिएटरात बसून परवानगीशिवाय सिनेमा चित्रित करणं हाच वेगळा गुन्हा आहे. तीन महिने ते तीन वर्षं कैद, आणि दंड तीन लाखांपासून थेट सिनेमाच्या निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. ही दुरुस्ती करताना सरकारनं सांगितलं की चोरीमुळं चित्रपटधंद्याचं वर्षाला वीस हजार कोटींचं नुकसान होतं. शिवाय आता पडद्यावरच्या चित्रात डोळ्यांना न दिसणारी खूण असते. चोरीची प्रत सापडली तर ती कुठल्या थिएटरात, कुठल्या खेळाला काढली हे शोधता येतं. तेव्हा गंमत म्हणून मोबाइल वर धरणाऱ्या पोरांना हे घरच्यांनी सांगून ठेवावं.

इथपर्यंत सिनेमाचं झालं. पण मला आज मुख्यतः बोलायचं आहे ते पोस्टरविषयी. कारण तिथली चोरी कुणाला चोरी वाटतच नाही.

माझा भाचा फ्लेक्सचं दुकान चालवतो. मागं एक हॉटेलवाला त्याच्याकडे पेन ड्राइव्ह घेऊन आला. हायवेवर नवं हॉटेल काढलं होतं, भिंतीवर जुन्या पिक्चरची पोस्टरं लावायची होती. हल्ली तशी फॅशन आहे. इंटरनेटवरून उतरवलेली 'दीवार' वगैरेंची चित्रं त्यात होती. भाच्यानं मला विचारलं. मी म्हटलं, बाबा, 'दीवार'चं पोस्टर दिवाकर करकरे यांनी केलं, 'अमर अकबर अँथनी'चंही त्यांचंच. कुणाची परवानगी आहे का? हॉटेलवाला हसला. तो म्हणाला, अहो, पोस्टर कुणी काढलेलं असतं का? ते कंपनीचं असतं. आणि तो दुसऱ्या दुकानात गेला, तिथं त्याला तासाभरात छापून मिळालं. भाचा म्हणाला, मामा, आपलं गिऱ्हाईक गेलं. गेलं खरं.

पण त्या माणसाचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. पोस्टर कुणी काढलेलं असतं का? इतकी वर्षं हातात ब्रश धरलेल्या माणसाला असं विचारल्यावर काय वाटेल, तुम्हीच सांगा.

पोस्टर ही चीज आपल्या मुलखात फार जुनी आणि मानाची आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. पेंटर हे त्यांचं आडनाव नव्हे, तो त्यांचा धंदा, आणि पुढं तेच नाव झालं. महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, कॅमेरा स्वतः घडवला आणि सिनेमाची पोस्टरंही स्वतः रंगवली. त्यांच्या 'कल्याण खजिना'चं १९२४ चं पोस्टर आज आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या उरलेल्या पोस्टरांपैकी मानलं जातं. आमच्या शेजारच्या गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित मुंबईला जाऊन शिकले, सिनेमाच्या जाहिराती केल्या, 'फिल्म इंडिया'ची मुखपृष्ठं केली आणि पुढं त्यांच्या देवादिकांच्या कॅलेंडरांनी देशभरच्या भिंती भरल्या. कोल्हापूरचे जी. कांबळे यांनी शांतारामबापूंच्या आणि इतरांच्या सिनेमांची पोस्टरं रंगवली. महाराष्ट्र शासनानं मान्य केलेलं शिवछत्रपतींचं जे चित्र आपण कचेऱ्यांमधून पाहतो, ते याच जी. कांबळ्यांचं. रोज लाखो लोक त्या चित्राला हात जोडतात. त्यातल्या किती जणांना चित्रकाराचं नाव सांगता येईल?

यात कायद्याची एक गाठ आहे, ती सोडवून सांगतो. पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा. म्हणजे पोस्टर निर्मात्याचं, पेंटरचं नाही. सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं टिकतो. रंगवलेल्या चित्राचा हक्क मात्र चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. तेव्हा सिनेमा खुला झाला म्हणून त्याचं पोस्टरही खुलं झालं, असं धरून चालू नये. बाबूराव पेंटर १९५४ साली गेले, त्यांची पोस्टरं आता कुणीही छापावीत. एस. एम. पंडित १९९३ साली गेले, त्यांची चित्रं २०५३ संपेपर्यंत कुणाची ना कुणाची मालकीची आहेत. इंटरनेटवर चित्र सापडलं याचा अर्थ ते फुकट आहे असा होत नाही. रस्त्यावर सायकल दिसली म्हणून ती आपली होत नाही, तसंच हे.

निर्माते आपला हक्क सांभाळायला समर्थ आहेत. 'शोले'च्या मालकांनी त्या नावाचं संकेतस्थळ चालवणाऱ्या आणि त्यातली चित्रं वापरून वस्तू विकणाऱ्यांविरुद्ध वीसेक वर्षं दावा चालवला. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल देऊन पंचवीस लाख रुपये द्यायला लावले. पेंटरला असं वीस वर्षं कोण भांडवणार? गीतकार-संगीतकारांनी आवाज उठवला, जावेद अख्तर राज्यसभेत बोलले आणि २०१२ च्या दुरुस्तीनं त्यांना रॉयल्टीचा हक्क मिळाला. पोस्टरवाल्यांसाठी कुणी उभं राहिलं नाही. कॅसेटच्या वेष्टनावर हक्कदाराचं नाव-पत्ता छापलाच पाहिजे, असं कायदा १९८४ पासून सांगतो. पोस्टरवर तारे, दिग्दर्शक, संगीतकार यांची नावं असतात. ते पोस्टर ज्यानं काढलं, तोच बहुतेक वेळा त्यात नसतो.

पण याच कायद्यात सत्तावन्न क्रमांकाचं एक कलम आहे. ते मला फार मोलाचं वाटतं. ते म्हणतं की कलावंतानं सगळे हक्क विकले, तरी ही कृती माझी आहे हे सांगण्याचा त्याचा हक्क त्याच्यापाशीच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारनं काढून टाकलं होतं. शिल्प सरकारच्या मालकीचं, तरी २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयानं सरकारला पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली आणि शिल्पाचे उरलेले तुकडे सहगलांना परत करायला सांगितले. म्हणजे वस्तू विकली तरी नातं विकलं जात नाही.

मला वाटतं, चोरीची सुरुवात इथंच होते. आधी आपण नाव पुसतो. नाव पुसलं की वस्तू बेवारस वाटते आणि बेवारस वस्तू उचलताना हात कापत नाही. सिनेमाचंही तसंच. लिंक आली की त्यामागं रात्र-रात्र जागलेला लेखक, कॅमेरामन, स्पॉटबॉय दिसत नाहीत. दिसते ती फक्त फाइल.

तर श्रोतेहो, मी तुमच्याकडे मोठं काही मागत नाही. चोरीची लिंक आली तर पुढं पाठवू नका. नवा मराठी सिनेमा बघायचाच असेल तर पहिल्या आठवड्यात तिकीट काढून बघा, त्याला त्याच आठवड्यात तुमची गरज असते. हॉटेलात, दुकानात जुनं पोस्टर लावायचं असेल तर निर्मात्याला किंवा चित्रकाराच्या घरच्यांना विचारा, आणि परवानगी मिळाली की खाली चित्रकाराचं नाव छापा. तुमच्या माळ्यावर जुनी पोस्टरं, फोटोसेट, शोकार्डं असतील तर रद्दीत देऊ नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं अशी पोस्टरं जपून ठेवली आहेत, तिथं चौकशी करा.

आणि तुमच्या गावात टॉकीजचे बोर्ड रंगवणारा एखादा म्हातारा पेंटर अजून असेल, तर त्याच्याकडे जाऊन बसा. कुठल्या पिक्चरचा बोर्ड कुणी केला, छापील पोस्टर कुणाच्या हातचं होतं, हे त्याला आठवत असतं. तो सांगेल ते वहीत उतरवून ठेवा. पोस्टर हाताशी असेल तर त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं नाव लिहा.